संकल्पात घातलेला शत्रू

इकडे परदेशात, क्रेगीबर्नच्या नव्या घरात मी सत्यनारायण घातला, त्याच आठवड्यात तिकडे भारत-पाकिस्तान सीमेवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सुरू झाली. आमची मंडळी पुण्या-मुंबईची. सीमा कुणी टीव्हीखेरीज पाहिलेली नाही, पण त्या सकाळी जो तो सेनापती. मी सोवळं नेसून पाटावर बसलेलो आणि मागे सोफ्यावर, तोंडात बटाटेवडा कोंबून, फोनकडे बघत, "अजून एक ठोकला रे!" अशा आरोळ्या. किळस आली मला. पण यजमान पडलो, पुढ्यातल्या सुपाऱ्या मांडत राहिलो.

भिंतीशी माझा शेजारी बसला होता. पाकिस्तानातल्या सियालकोटचा, इलेक्ट्रिशियन. धुपाने अलार्म कोकलू नये म्हणून सकाळीच शिडी आणून त्याने तो झाकून दिला होता. बाकीच्यांना तो दिल्लीकडचा वाटला. मी कुणाची समजूत दुरुस्त केली नाही.

आमचे गुरुजी सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअरवाले. संकल्पात गोदावरीचा तीर म्हणणं इथे खोटं पडतं, म्हणून नकाशा बघून त्यांनी 'यारा नदीच्या उत्तर तीरी' असं बसवलं होतं. इतका काटेकोर माणूस! तेवढ्यात सोफ्यावरून एक मित्र म्हणाला, "गुरुजी, शत्रुनाश पण टाका ना. देशासाठी."

"नो वरीज," गुरुजी म्हणाले, आणि 'शत्रुविनाशार्थं' घातलं. "करिष्ये म्हणा."

माझ्या तळहातावर पाणी होतं. कुणी माझा गळा धरला नव्हता. "करिष्ये," मी म्हणालो आणि पाणी ताम्हणात सोडलं. मागे टाळ्या पडल्या. देवासमोर टाळ्या! त्यांच्यापेक्षा मला माझीच जास्त शिसारी आली.

प्रसादाचा शिरा खाऊन शेजारी निघाला. दारात बूट घालताना त्याने हळूच विचारलं, "भाई, शत्रु मतलब दुश्मन ना?"

"हाँ, पर मन के। काम, क्रोध, वो सब," मी धडधडीत थाप मारली.

त्याचा चेहरा मोकळा झाला. "अच्छा. फिर अम्मी का नाम भी ले लेना दुआ में. घर बिल्कुल बॉर्डर पे है, और वो निकलने को तैयार नहीं."

"ज़रूर," मी म्हणालो, आणि तिचं नाव विचारलं नाही.