उलाळ

आमच्या गल्लीत आजही कुणाला विचारा, तो सांगेल की उंदीर उलटला तो माझ्या धाकट्या भावामुळे. म्हातारपणी स्टिअरिंग हातात घेतलं, गाडी जोरात हाकली आणि बायकोचा हात मोडून घेतला. ही सगळी कथा माझ्या एका वाक्यातून निघाली. म्हणून ती मीच पुसायला हवी.

उंदीर म्हणजे आम्ही दोघांनी लालबागला मंडपाच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांधलेली चाकांवरची खोली. मोटारीमागे जोडायची, आत दोघांपुरती गादी, आणि मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकाचा ओटा. पुढून फुगीर, मागे निमुळती, पाण्याच्या थेंबासारखी. समोरच्या चाळीतला एक टवाळ शेडच्या दारात उभा राहून म्हणाला, "दादा, हा तर बसलेला उंदीर. वर गणपती कुठला बसवताय?" तेव्हापासून गल्लीत ती खोली उंदीरच झाली.

ती बांधायची वेळ का आली, ते सांगतो. गावच्या घरात आमच्या वाटणीला एक खोली होती. चुलतभावाने हळूहळू तिच्यात आंब्याच्या पेट्या रचल्या आणि मग कुलूप लावलं. आम्ही बोललो तर म्हणाला, चार दिवसांसाठी येता, पडवी आहे की. पण माझ्या भावजयीचे गुडघे असे की जमिनीवर टेकली तर उठवायला दोघे लागतात. गौरीला भाजी-भाकरीचा नैवेद्य लग्न होऊन आल्यापासून तीच करायची. तिचं गावी जाणं सुटलं आणि नैवेद्य चुलतभावाच्या सुनेकडे गेला. गौरीच्या दिवशी मुंबईच्या घरात तिने दोन्ही वेळा चूल, म्हणजे गॅस, पेटवला नाही.

एक दिवस भाऊ फोन घेऊन माझ्याकडे आला. परदेशात कुणीतरी अशी थेंबासारखी खोली घरी बांधून गाडीमागे ओढत होतं. "दादा, असं तू करशील? खोली त्यांनी घेतली, पण घरापुढचं खळं अजून सामाईक आहे ना? आपली खोली आपण खळ्यात नेऊन उभी करू."

भाऊ माझ्याहून बराच लहान, तरी सत्तरीला टेकलेला. जन्मभर टॅक्सी चालवली. गिरगावातल्या म्हाताऱ्या बायका दवाखान्यात जायला त्याचीच गाडी अडवून ठेवायच्या, कारण खड्डा आला की तो आधी सांगायचा, "धरून बसा." त्याच्याकडे मिरवण्यासारखं एवढंच होतं. मी गिरणीत फिटर. गिरणी गेल्यावर ग्रिल, शटर आणि भाद्रपदाच्या आधी मंडळांच्या ट्रॉल्या. ट्रॉली बांधावी तर ह्यांनीच, असं लोक म्हणायचे आणि मी ते ऐकून घ्यायचो.

खालचा सांगाडा मला फुकट मिळाला. मंडळाच्या जनरेटरची छोटी ट्रॉली, मीच कधीकाळी वेल्डिंग केलेली, शेडमागे गंजत पडली होती. भावाने मात्र हट्ट धरला, आधी कागद, मग लाकूड. ट्रेलर म्हणून तिची नोंदणी करायला चकरा त्यानेच मारल्या. टायर नवे, बेअरिंग नवी, दिव्यांची वायर नवी, सगळं त्याने उभं राहून घालून घेतलं. मी प्लायच्या दोन बाजू कापल्या, खिळ्याला सुतळी बांधून पाठीचा वाक आखला, वर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवला. मंडपाचे खांब रोवायच्या आत शेड रिकामी करायची होती. त्या घाईत आमची रोज खडाजंगी व्हायची, आणि रोज भावजय चहा घेऊन आली की थांबायची.

आता माझी चूक. ती मला नेमकी लिहायला हवी, कारण दुसऱ्या कुणी ती केली नसती.

मंडळाची ट्रॉली माणसं ओढतात. अरुंद गल्लीत ती वळवायची तर पुढचं नाक, म्हणजे ओढायचा दांडा, उचलून पोरांना फिरवता आलं पाहिजे. म्हणून आम्ही ट्रॉली बांधणारे वजन मागे टाकतो. नाक जितकं हलकं तितका कारागीर चांगला. माझा हात ह्याच हिशेबाने बसलेला. उंदराचा ओटा मागेच होता. तिथेच मी सिलिंडर ठेवला आणि त्याच्याही मागे पाण्याची स्टीलची टाकी बसवली. मग गल्लीतल्या सगळ्यांसमोर नाक दोन बोटांनी उचलून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

भावाने पुढे येऊन तेच नाक उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. टाळ्या थांबल्या. मग हळूच म्हणाला, "दादा, गाडी उलाळ वाटते."

उलाळ हा आमच्या वडिलांचा शब्द. बैलगाडीत मागे जास्त भरलं की जू वर उचलतं, बैलांच्या मानेला फास लागतो. अशी गाडी उलाळ. लहानपणी आम्ही दोघे गवताच्या गाडीवर मागे बसायचो तेव्हा वडील ओरडायचे, पुढे सरका रे, उलाळ होतेय. म्हणजे शब्द मला ठाऊक होता. पण चारचौघांत त्याने माझ्या कामाला तो लावला, आणि मी म्हणालो, "तू टॅक्सी चालवलीस, तू स्टिअरिंग बघ. ट्रॉल्या मी बांधल्यात."

तो हसल्यासारखं करून बाजूला झाला. मी मोठा होतो.

निघालो तेव्हा गाडीत तिघेच होतो. भाऊ चालवायला, मी शेजारी, भावजय मागे मांडीवर भाजीची पिशवी घेऊन. वाशीच्या पुलावरच मला आरशात उंदराची शेपूट हलल्यासारखी दिसली. भावालाही दिसली असणार, कारण त्याने वेग कमी केला आणि मागून हॉर्न वाजायला लागले. पनवेलला चहाला थांबलो तेव्हा त्याने टाकीचा नळ धरला. म्हणाला, पाणी इथे सोडून देतो, मागचं वजन जाईल. मी त्याचा हात काढला. गावात पोचल्यावर हिला पाणी कुठून आणणार, त्यांच्या विहिरीवर घागर घेऊन उभं राहायचं का, असं विचारलं. विहीर चुलतभावाच्या ताब्यात होती, त्यामुळे माझं बोलणं त्या क्षणी खरंच वाटलं. भावजय म्हणाली, "भावोजी, मी पाण्यावाचून राहीन एक दिवस." मी तिलाही गप्प केलं.

कर्नाळ्याचा उतार लागला. भावाने दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले होते. शेपूट डावीकडे गेली, उजवीकडे आली, पुन्हा डावीकडे, आणि प्रत्येक वेळी थोडी जास्त. आमच्या गाडीचा मागचा भाग तिच्याबरोबर ओढला जायला लागला. मी म्हणालो, ब्रेक मार. तो म्हणाला, "ब्रेक मारला तर ती आपल्या अंगावर येईल. धरून बसा." त्याने फक्त पाय वर घेतला. त्याच वेळी उजवीकडून एक ट्रक वाऱ्याचा लोट टाकत पुढे गेला. मागे कडकडून आवाज झाला, गाडीला हिसका बसला, आणि ती रस्त्याच्या कडेला वाकडी होऊन थांबली. काट्याकडे मी सतत बघत होतो. तो पन्नासवर होता.

मी उतरलो. उंदीर सुटून भाताच्या शेतात आडवा पडला होता, त्याचं लोखंडी नाक आभाळाकडे. टाकीतून पाणी भळभळ वाहत होतं. ते नाक बघितलं आणि मला सगळं कळलं. समजायला थोडासुद्धा वेळ लागला नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. भावजयीचा हात दाराच्या कडीत सापडून मनगटाशी मोडला होता आणि भाऊ तिला शालीची झोळी बांधत होता. लोक जमले. कुणीतरी मला विचारलं, "काका, किती जोरात होती गाडी?"

मी म्हणालो, "जरा जोरात होती."

भावाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा गाठ मारायला लागला.

"जरा जोरात" लालबागला पोचेपर्यंत ऐंशी झालं. मंडपात आरतीला उभे असलेले लोक शंभर म्हणायला लागले. भावाच्या मुलाने गाडीची किल्ली आपल्याकडे घेतली. बाबा, आता पुरे, एवढंच म्हणाला, आणि भाऊ त्याच्याशी एका शब्दाने भांडला नाही. त्यानंतर तो कुठे जायचं असलं तर मागच्या सीटवर बसायचा. खड्डा आला की त्याचे ओठ हलायचे, पण आवाज यायचा नाही. हे मी शेजारी बसून बघितलं आहे, एकदा नाही, कितीतरी वेळा. भावजयीचा हात जुळला, पण पुढच्या गौरीलाही नैवेद्य दुसऱ्याच हातचा होता.

उंदीर टेम्पोत घालून परत आणला होता, तो शेडमागे ताडपत्रीखाली पडून होता. ह्या वर्षी मंडळाला ती जागा हवी होती. भावाच्या त्याच मुलाने, माझ्या पुतण्याने, भंगारवाल्याला बोलावलं. भंगारवाल्याने ताडपत्री काढली, नाक एका हाताने सहज उचललं आणि हातगाडीकडे ओढायला लागला. वरच्या गॅलरीतून भाऊ बघत होता. मी भंगारवाल्याला हात आडवा घातला. पुतण्या वैतागला. काका, अजून एकाचा हात मोडायचाय का, म्हणाला.

मला वाटलं होतं, सांगायची वेळ आली की मी नीट मांडून सांगेन. तसं झालं नाही. मी म्हणालो, "गाडी जोरात नव्हती. मी खोटं बोललो. वजन मी मागे टाकलं होतं."

पुतण्याने वर गॅलरीकडे बघितलं. भाऊ तिथून निघून गेला होता. मला वाटलं, घरात गेला. तो जिना उतरून आला, माझ्या जवळून पुढे गेला आणि मुलासमोर हात पसरला. "चावी."

पण किल्ली खिशात टाकून तो लगेच निघाला नाही. आधी मला काम करायला लावलं. टाकी मागून काढून पुढच्या भिंतीला, सिलिंडर तिच्या शेजारी, नाकाला दोन साखळ्या. मी एकेक बोल्ट आवळायचो, तो नाक उचलून बघायचा. दोन्ही हातांनी कमरेत जोर लावून उचलावं लागलं, तेव्हा त्याने मान हलवली. त्या सगळ्या दिवसांत तो मला दादा म्हणाला नाही.

रविवारी सकाळी शिवडीकडे गोदीजवळच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो, टाकी काठोकाठ भरून. त्याने मला शेजारी बसवलं आणि काट्याकडे बघायला सांगितलं. चाळीस. पंचेचाळीस. माझी बोटं सीटखाली लोखंडाला घट्ट धरून होती. पन्नासला मी डोळे मिटले. तो म्हणाला, "बघ." मी आरशात बघितलं. उंदीर आमच्या मागे सरळ येत होता. त्याने आणखी दाबलं, साठपर्यंत नेलं, तिथे धरून ठेवलं, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं काटा कुठे होता. गल्लीत सांग."

परत आलो तेव्हा मंडपाचे बांबू टेम्पोतून उतरत होते. सगळे तिथेच होते, टवाळही. तो भावाला म्हणाला, "काय मग, आज कितीवर नेला उंदीर?"

भावाने माझ्याकडे बोट केलं. "ह्यांना विचार."

बांबू उतरवणारे थांबले. मी गाडीच्या दाराला धरून उभा होतो.

"आज साठ," मी म्हणालो. "त्या दिवशी पन्नास."