करकोच्यांना उखळीची सलामी

आमच्या तळ्यावर करकोचे उतरले की सूर्य अर्धा तास उशिरा उगवायचा. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. त्या अंधारात मी कंदील धरून दाढी केलेली आहे. ही साठ सालाच्या मागंपुढची गोष्ट. उंच, राखी पाखरं. हिवाळ्यात कुठल्या तरी बर्फाच्या मुलखातून यायची, रात्री बडनेऱ्याजवळच्या आमच्या तळ्यात उभी राहायची आणि दिवसा गावाचा हरभरा फस्त करायची. गाव डबे बडवत त्यांच्यामागं धावायचं. मला मात्र त्यांच्यात धंदा दिसला.

जिनात कापूस तोलायची माझी नोकरी होती. एकदा दुर्बीणवाला एक साहेब मेलमधून उतरला, तळ्याकाठच्या चिखलात दिवसभर पालथा पडला आणि लग्न ठरल्यासारखा हसत परत गेला. मी नोकरी सोडली. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला टांगा घेतला, घोडा घेतला. पत्रकं छापून नागपूर ते भुसावळ प्रत्येक स्टेशनावर चिकटवली: ‘आभाळ झाकणारे पक्षी पाहा! न दिसल्यास जेवण फुकट!’

पत्रकात थोडी मीठमिरची होती, पण पाखरं दाखवणारा माणूस अस्सल होता. गावाबाहेर पाल टाकून राहणारा पारधी. तित्तर-लावे फाशात धरून बाजारात विकायचा. तो तोंडानं तित्तरासारखा बोलला की झुडपातला तित्तर भांडायला धावून यायचा. एकदा तो माझ्या सासूबाईंसारखा बोलला, तर मीच टोपी सांभाळत घरात पळालो.

गावात कोणाची कोंबडी हरवली की लोक आधी त्याचं पाल उचकायचे. म्हणून त्याला पगारापेक्षा बिल्ल्याचं वेड. मी पितळेचा करून दिला, वर ‘पक्षीदर्शक’ कोरून. त्यानं तो दोनदा धोतराला पुसला.

“हा लावून फिरलो तं ‘काऊन फिरून राहिला बे’ म्हनून कोनी हटकनार नाई नं, बाबू?”

“हटकलं तर मले सांग. सरकारी माणसावानी फिर.”

त्याच दुपारी त्यानं आपले सगळे फासे चुलीत घातले. बायको ओरडत होती. हा बिल्ल्याकडे पाहत होता.

पहिले पाहुणे आले मुंबईचे, चौघं. सरपंचाला कळलं आणि तो माझ्यावरच उखडला. “मुंबईचे पाव्हणे अन् मुक्यानं नेता? गावाची इज्जत हाय का नाई?”

पारधी मला बाजूला घेऊन म्हणाला, “आवाज नोको, बाबू. भेलेलं पाखरू मुक्काम बदलते.”

मी म्हणालो, “वेशीपाशी डफडं वाजवतीन रे, लांब.” खरं सांगतो, गळ्यात हार मलाही हवा होता.

उजाडताना आम्ही बाभळीआड बसलो. तळ्यात पाणी दिसत नव्हतं, नुसते पाय. पाहुण्यांतल्या बाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि वेशीवर डफडं कडाडलं. पाठोपाठ जत्रेतली उखळी, ठासून दारू भरलेली, पाहुण्यांच्या मानाखातर उडाली. त्या बारानं अकोल्याच्या दुकानांतली घड्याळं बंद पडली म्हणतात. तळं उठलं. आभाळ खरोखरच झाकलं गेलं. पत्रकातलं तेवढं एक वाक्य खरं ठरलं. मग आभाळ मोकळं झालं.

“परत कधी येतील?” बाईंनी विचारलं.

“चहा होईस्तोवर,” मी म्हणालो.

तीन दिवस चहा झाला. चौथ्या दिवशी मी त्यांना पावलांचे ठसे दाखवले आणि फुकटचं जेवण घालून गाडीत बसवलं. पारधी त्यानंतर नऊ पहाटा चिखलात पडून करकोच्यासारखा हाका घालत होता. गावातली दोन कुत्री आली.

पुढच्या हिवाळ्यातही तळं रिकामं. हरभरा असा पिकला की गावानं माझा सत्कार केला. सरपंचानं हार घातला आणि म्हणाला, “तुमच्यामुळं पिडा गेली, भाऊ!” हार झेंडूचा होता. मी तो घोड्याला चारला.

त्याच आठवड्यात पारधी दारात आला. छातीवर बिल्ला होता, पोट पाठीला लागलं होतं.

“बाबू, घोड्याच्या शेपटीचे केस पाह्यजे.”

“काऊन?”

“फासे वळाचे हायेत.”

मी घोड्याचा लगाम धरून उभा राहिलो. तो एकेक लांब केस उपटायचा, दोन्ही हातांनी ताणून पाहायचा आणि दातात धरायचा.

“दुखते का याले?” त्यानं विचारलं.

“नाई.”

पुरेसे झाले तेव्हा त्यानं जुडगा कमरेला खोचला आणि बिल्ला काढून टांग्याच्या बैठकीवर ठेवला.

“राहू दे रे तुलेच,” मी म्हणालो.

“नोको, बाबू. फासे घेऊन फिरताना हा आंगावर दिसला, तं म्हनतीन, चोरला.”