लाईट गेली, तरी स्पीकर घुमत होता

प्लगची जाड, म्हणजे अर्थिंगची पिन कापली की स्पीकरमधली घूंऽऽ थांबते, असं मी कुठेतरी वाचलं होतं. कापली. घूं थांबली नाही, उलट दुसऱ्या दिवशी ॲम्प्लिफायरवरची धूळ पुसताना बायकोच्या हाताला झिणझिण्या आल्या. बायको वायरमनची लेक. कापलेला प्लग तिने माझ्या ताटाशेजारी आणून ठेवला आणि म्हणाली, "अण्णा असते ना, तर जावई आहात हे विसरून कानाखाली दिली असती." मी जेवलो आणि संध्याकाळी नवा प्लग आणला.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढचं वाचून तुम्ही मला येडा म्हणणार आहातच. येडा आहे, कबूल. पण भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आताही नाही... आणि तरीही जे घडलं त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही.

आमचं घर चौलला, सुपारीच्या वाडीत. सगळं वायरिंग माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी केलेलं. अर्थिंगचा खड्डा त्यांनी स्वतः खणला, त्यात कोळसा आणि मीठ भरलं. आमच्याकडे आले की चहाच्या आधी त्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतायचे, ओल राहावी म्हणून. पुढे विहिरीवर नवा पंप बसवला, तेव्हा मी त्यांना न विचारता दुसऱ्याकडून वेगळा खड्डा करून घेतला. वर "आता नव्या पद्धतीने करतात, अण्णा" असंही ऐकवलं. ते काही बोलले नाहीत. भजन सोडलं तर ते एरवीही फारसे बोलायचे नाहीत.

हॉलमधला एक सॉकेट त्या पंपाच्या लाईनवर आहे. माझा कॅसेट डेक त्यावर आणि ॲम्प्लिफायर अण्णांच्या लाईनवर. जाणकार इथेच हसतील! एकमेकांना जोडलेल्या दोन यंत्रांना दोन वेगळी अर्थिंग मिळाली की वायरींचं वेटोळं पुरं होतं, आणि त्यात फिरणारा बारीकसा करंट स्पीकरमधून घूं करत राहतो.

एरवी मी ती घूं चालवून घेतली असती. पण अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट घरात होती. भजनी मंडळाची; तीत एक गौळण ते एकटे म्हणतात. आवाज मुळातच मऊ, त्यावर ही घूं... शब्द कळायचेच नाहीत. आणि सासूबाईंचा डावा कान पार गेलेला, उजवाही उतरत चाललेला. रेवदंड्याहून लेकीला फोन करायच्या, "जावयाचा बाजा नीट झाला काय गो? माजा कान न्हाय थांबायचा."

मग मी हट्टालाच पेटलो. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर घेतली, ॲम्प्लिफायरला जोडलेली केबल टीव्हीची वायर काढली, कारण तिच्यातूनही वेटोळं होतं. मे महिन्यातल्या त्या शनिवारी घूं बंद! पाच वेळा तपासलं आणि छाती फुगवून सासूबाईंना बोलावणं धाडलं.

रविवारी दुपारी साडेतीनला त्या रिक्षातून उतरल्या आणि उजवा कान स्पीकरकडे करून बसल्या. मी बटण दाबलं — घूंऽऽऽ! आधी कधी नव्हती एवढी मोठी.

"ह्या गानं हाय व्हय?" सासूबाईंनी विचारलं.

मी टेबलाखाली शिरलो. वायरी हलवल्या, डेक सोडवला. चालूच. तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, फ्रिज थांबला, ॲम्प्लिफायरचा दिवा विझला.

स्पीकर घुमतच होता.

थांबा, तुमचे आक्षेप मला पाठ आहेत. कपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो — राहतो, पण किती वेळ? मी प्लग ओढून काढला. मग स्पीकरच्या मागच्या दोन्ही वायरी उपटल्या. उरलं ते नुसतं लाकडी खोकं, आणि ते घुमत होतं. जाळीवर तळवा ठेवला तर थरथर लागत होती. लांबवरचा जनरेटर म्हणाल, तर मागच्या दारातून मारलेली हाक ज्यांना ऐकू येत नाही, त्या सासूबाईंना तो बरा ऐकू आला?

"अहो, वायर तुमच्या हातात आहे ना?" बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"दोन्ही."

सासूबाई उठल्या. पदर कमरेला खोचून स्पीकरसमोर उभ्या राहिल्या.

"आवो, बस झाला आता! जावयान तुमाला न इचारता खड्डा खनला, चुकला तो. पन मी दोन वरसा वाट बगतंय. मना आयकू द्या. गप ऱ्हावा!"

घूं थांबली. हळूहळू नाही, बोलता माणूस तोंड मिटतो, तशी.

अर्ध्या तासाने लाईट आली. मी वायरी जोडल्या, कॅसेट लावली. अण्णांची गौळण स्वच्छ, शब्द न् शब्द. सासूबाई हलल्या नाहीत. संपल्यावर म्हणाल्या, "दुसऱ्या कडव्याला ताल चुकला," आणि डोळे पुसले. "परत लाव." तीनदा लावली.

मी मात्र हार मानलेली नाही. इतके महिने जी घूं घालवायला धडपडलो, ती आता परत आणायला धडपडतोय. डेक पुन्हा पंपाच्या सॉकेटवर लावला, केबलची वायर जोडली, पुस्तकात करू नका म्हणतात ते सगळं केलं. एक इंजिनीअर मित्र मीटर घेऊन आला. "नियमाने घुमायलाच हवं," म्हणाला, आणि चहा पिऊन गेला. घुमत नाही! स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर द्या, पण घरी येऊन, त्या दोन सुट्या वायरी हातात धरून द्या.

गेल्या शनिवारी मी असाच त्या गप्प स्पीकरसमोर मांडी घालून बसलो होतो. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. वर न बघताच म्हणाली, "बेचाळीस वर्षांच्या संसारात आई अण्णांवर एकदाही ओरडली नव्हती. दचकून गप्प झाले असतील ते."