जिनिंगवाल्याचा वहीम

घाटंजीच्या स्टँडसमोरच्या चहाटपरीवर एक म्हातारा रोज भिंतीला पाठ लावून बसायचा. त्याचा जन्म जिनिंग कारखान्याच्या धडधडाटात कापसातली सरकी काढण्यात गेलेला. कोणी बोललं की तो त्याच्या ओठांकडे टक लावून पाहायचा आणि कोणी हसलं की ताडकन उठायचा, "माह्यावर कायले हासून राह्यले रे?"

टपरीवरच्या विद्वानांचं निदान तयारच होतं : डोकं फिरलं, नाहीतर बाहेरचं लागलं. घरच्यांनी भगताकडून लिंबू उतरवून घेतलं, पण त्याचे कान दाखवावेत हे कोणालाच सुचलं नाही. उलट हे रिकामटेकडे त्याच्यासमोर मुद्दाम नुसते ओठ हलवायचे आणि त्याचा जीव खालीवर झालेला पाहून खिदळायचे.

शेवटी यवतमाळच्या एका डॉक्टरनं कान तपासले. दोन्ही जिनिंगच्या आवाजानं गेलेले. समोरचं बोलणं ऐकू येईना झालं की माणसाचं मन त्यात आपल्याच पदरचं वाईटसाईट भरतं, एवढी साधी गोष्ट. पण ती समजायला आधी समोरच्याला माणूस समजावं लागतं.

कानाचं मशीन लावून तो टपरीवर आला, तेव्हा मी शेजारीच होतो. विचारलं, "काय काकाजी, गेला का वहीम?"

तो मान खाली घालून टपरीवरच्यांची कुजबुज ऐकत राहिला. मग म्हणाला, "वहीम कायचा भाऊ? हे तं खरंच माह्याच गोष्टी करून राह्यले."

तेव्हापासून टपरीवरचे शहाणे तोंडावर हात ठेवून बोलतात.