डावा पाय
गाडीचा एसी लावला की सुरुवातीला जो धुळकट, ओलसर वास येतो, त्यानं मला पैठण रोडवरची ती दुपार आठवते. अण्णा, म्हणजे माझे वडील, तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते आणि त्यांच्या बसखाली कधी कोंबडीसुद्धा आली नव्हती. मी ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि हौसेनं किल्ली त्यांच्या हातात दिली. "क्लच कुठंय रे हिचा?" त्यांनी विचारलं. "यात नसतो अण्णा, तुम्ही निवांत चालवा," मी म्हणालो. डावा पाय मागं ओढून ठेवा, एवढं सांगायचं सोडून शहाणा मी त्यांना एसीची बटणं दाखवत बसलो, जाळी त्यांच्या तोंडाकडं फिरवली. "लई गार लागतंय," म्हणत ते हसले, तेवढ्यात पुढं शेळ्या आडव्या आल्या. शेळ्या लांब होत्या, वेग कमी केला असता तरी भागलं असतं. पण सवयीनं डावा पाय क्लच समजून जोरात दाबला गेला आणि तिथं ब्रेक होता. गाडी जागीच थांबली, मागून येणारी मोटरसायकल धडकली आणि तिच्यावर मागं बसलेली बाई डांबरावर आपटली. ती पुन्हा कधी धड चालली नाही. अण्णांनी त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही; दहा वर्षं माझ्या शेजारच्या सीटवर बसत राहिले. मागच्या महिन्यात ते गेले. काल गाडी धुवायला दिली, तर धुणाऱ्यानं त्यांच्या बाजूची चटई उचलून मला दाखवली. "साहेब, इकडं तर पेडल नाय. मग इथं भोक कशानं पडलं?"