पुढची संख्या सांगा

मास्तर लोकांना किस्से शोधत हिंडावं लागत नाही. खडूच्या भुकटीसारखे ते अंगावर साठतच जातात. आमच्या वाट्याला आले ते 'आकृतिबंधा'चे! हा शब्द ज्याने काढला त्याला एकदा तिसरीच्या वर्गावर तासभर उभं करावं, अशी माझी फार इच्छा आहे. अर्थ अगदी साधा. फळ्यावर २, ४, ६ लिहायचं आणि पोरांना पुढची संख्या विचारायची. बस्स.

पोरांना हे किती समजलंय ते बघायला एका शाळेच्या मास्तरला दुसऱ्या शाळेत पाठवायची तेव्हा पद्धत होती. नव्वदच्या दशकात मी आणि शिंदे गुरुजी या कामासाठी कोल्हापूर जिल्हाभर एसटीने हिंडलो. आम्हाला ती मजा होती. पुढं आमच्या शाळेतल्या कांबळे बाईंची मात्र अख्खी नोकरीच या चाचणीवर लटकली. पण ते नंतर. आधी जोतिबा.

*

डोंगरावरच्या त्या शाळेत बहुतेक पोरांच्या घरी नारळ-गुलालाची दुकानं. मी फळ्यावर उतरता क्रम लिहिला. ५०, ४५, ४०.

"पुढं?"

पहिल्या बाकावरची एक पोरगी कमरेवर हात ठेवून उठली.

"पुढं न्हाय. चाळीसच्या खाली परवडत न्हाय!"

शिंदे गुरुजींना चेव आला. "अगं, लांबनं आलोय आम्ही. अडतीस कर की!"

"मग शेजारच्या दुकानात बघा," असं म्हणून ती खाली बसली.

*

कुरुंदवाडला मी ठरवलं, आता सोप्यातलं सोपं विचारायचं. ४०, ४१, ४२.

एक पोरगा म्हणाला, "पुढं म्हशी सोडायच्या आन् गाद्या माळ्यावर टाकायच्या."

दुसरा म्हणाला, "मग शाळंत ऱ्हायला यायचं."

"कुठल्या शाळेत?"

"ह्याच की! तुमी बसलाय तितं आमची चूल असती."

मी मुकाट्याने उठून उभा राहिलो. नदीचं पाणी किती फुटांवर आलं ते रेडिओवर ऐकत ती पोरं वाढलेली. त्यांना त्रेचाळीस हा आकडा काय शिकवायचा, कपाळ?

*

शिरोळकडच्या एका गावात एका पोराने २, ४, ८ च्या पुढं १० लिहिलं. उत्तर १६. मी फुली मारली. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप हजर. गडी डेअरीला दूध घालणारा.

"पावणं, पोराचं काय चुकलं?"

मी समजावलं की प्रत्येक वेळी दुप्पट होतंय. दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा.

"व्हय? आज आठ लिटर देणारी म्हस उद्या सोळा देती व्हय ओ? दावा की मला कुठं हाय ती!"

असली म्हैस माझ्या पाहण्यात नव्हती. मी फुली खोडली.

*

मग एका प्रशिक्षणात सांगितलं गेलं की, आकृतिबंध फळ्यावर नको, परिसरात दाखवा. शिंदे गुरुजी ही असली वाक्यं मनावर घेणारा माणूस. दुसऱ्याच दिवशी वर्ग घेऊन उसाच्या फडात. पहिल्या सरीत किती, दुसरीत किती, कांड्या मोजा! पोरांनी कांड्या मोजल्या, आणि मोजलेल्या कांड्या पुन्हा मोजायला लागू नयेत म्हणून खाऊन टाकल्या.

मालक धावत आला. "गुर्जी, हे काय चाललंय?"

"आकृतिबंध."

"त्योच खाल्लासा की माझा!"

*

दोन हजारनंतर शिंदे गुरुजी कबनूरला मुख्याध्यापक झाले. मी तिथेच चौथीला होतो. तिसरीला कांबळे बाई आल्या, शिक्षणसेवक म्हणून. तीन वर्षं मानधनावर काढायची आणि मग साहेबांनी वर्ग तपासून चांगलं मत दिलं तर कायम. गाव यंत्रमागांचं; बाईंचे वडीलही लूमवर कामाला. घरातली ही पहिली सरकारी नोकरी. बाई शिकवायच्या इतक्या जीव लावून की मला स्वतःची लाज वाटायची.

सरावासाठी एकदा मी त्यांचा वर्ग तपासला. २, ४, रिकामी जागा, ८. एका पोराने ती जागा तशीच सोडली.

"का रे?"

"हितं तार तुटल्या, सर."

तार म्हणजे मागावरचा धागा. मी शून्य टाकणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मग तार जोड की बाळा."

त्याने झटक्यात ६ लिहिले.

*

आणि अखेर साहेब आले. आमचे विस्तार अधिकारी. बाईंनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता.

आदल्या दिवशी तोंडी प्रश्नांची चिठ्ठी शाळेत आली होती. बाईंचं कल्याण व्हावं म्हणून शिंदे गुरुजींनी काय करावं? बाई घरी गेल्यावर वर्ग थांबवून घेतला आणि बसल्या क्रमाने एकेका पोराकडून एकेक उत्तर घोकून घेतलं. "तुला वीस, तुला एकवीस. दुसरं काय बोललास तर तंगडं मोडीन!" याचा मला आणि बाईंना पत्ता नव्हता.

साहेबांनी पहिल्या बाकापासून ओळीने विचारायला सुरुवात केली. पहिलं बरोबर, दुसरं बरोबर. मग तिसरा प्रश्न. "५, १०, १५?"

"एकवीस!"

साहेब थबकले. पुढच्याला विचारलं, "७, १४?"

"बत्तीस!"

तिथून पुढं सगळी चूकच. बाईंनी टेबलाची कड धरली. मी चौथीचा वर्ग सोडून खिडकीशी उभा होतो. तीन वर्षांच्या कष्टांवर डोळ्यांदेखत पाणी पडत होतं. गुरुजी दारात उभे राहून टोपीने घाम पुसत होते.

तेवढ्यात मागच्या बाकावरची रूपाली न विचारता उठली. "सर, भरत आल्याला न्हाय."

"त्याचं काय इथं?"

"त्यो तिसरा बसतोय. त्यो न्हाय म्हणून सगळ्यांची उत्तरं एक घर पुढं सरकल्यात. मला इचारलासा तर माझंबी चुकंल. आन् शेवटच्या प्रश्नाला तर पोरगंच उरत न्हाय!"

साहेबांनी चिठ्ठीवर बोट फिरवून ताडून बघितलं. "आणि अजून एक जण आला नसता तर?"

"तितनं पुढं दोन घरं सरकली असती," रूपाली म्हणाली. विचार करायलासुद्धा थांबली नाही!

साहेब बाईंकडे वळले. "बाई, हे तुम्ही पाठ करून घेतलंत?"

बाईंनी तोंड उघडायच्या आत उत्तर रूपालीनेच दिलं.

"उत्तरं गुर्जींनी पाठ करून घेतल्यात, सर. सरकल्यालं वळखायला बाईंनी शिकवलंय."

साहेबांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "गुरुजी, बाईंना कायम करायचा कागद आणा. सही करतो."

सही झाली. बाई तोंडाला पदर लावून रडायलाच लागल्या.

साहेबांनी पेन खिशाला लावलं. "गुरुजी, आता तुम्ही भरतच्या जागेवर बसा."

शिंदे गुरुजी बसले. गुडघे बाकात मावेनात. साहेबांनी पहिल्यापासून विचारायला घेतलं. तिसऱ्या प्रश्नाला गुरुजी उभे राहिले, हाताची घडी घातली आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"वीस, सर!"