सुमनबाईची मुकी गाडी

सुमन,

तुझ्यावर लिहिणार म्हटल्यावर तू म्हणालीस, "लिही, पण मला बिचारी करू नको." करत नाही. औरादच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो तेव्हाही तू बिचारी नव्हतीस. बिचारे मास्तर होते. फक्त इथून पुढे तुला 'ती' म्हणेन. तोंडावर केलेलं कौतुक तुला चालत नाही आणि मला जमत नाही.

तर संतपूरची सुमनबाई. नवरा किशनराव गेले तेव्हा तानाजी पाळण्यात होता, दारात ट्रॅक्टर होता आणि तो चालवायला कुणी नव्हतं. काही दिवस तिनं दिरांच्या तोंडाकडे पाहिलं, मग स्वतःच चढून बसली. म्हातारी मंडळी पारावरून म्हणाली, बाईनं नांगर धरला की पाऊस पळतो.

ती म्हणाली, "नांगर कुठं धरलाय? स्टिअरिंग धरलंय."

ट्रॅक्टर ती कानानं चालवायची. चाक रुतायला लागलं की सायलेन्सरचा आवाज जड होतो, नांगर उथळ गेला की हलका. गिअर बदलायचा तोही आवाज सांगेल तेव्हा. पुढ्यातल्या मीटरचे काटे कधीच मेले होते आणि त्यांचं तिला सुतकही नव्हतं.

साठी उलटल्यावर तिनं ट्रॅक्टर तानाजीच्या ताब्यात दिला आणि जहिराबादच्या एका डॉक्टरांनी विकायला काढलेली स्पोर्ट्स कार घेऊन आली. लाल, दोन दारांची, पोट जमिनीला टेकतं की काय अशी. सून मंजुश्रीनं वाकून आत पाहिलं.

"आत्याबाई, यात दोनच माणसं बसतेत."

"व्हय. म्हणूनच घेतली. जल्मभर मागं ट्रॉली ओढली, आता मागं कायबी नको."

मग एका दुपारी ती कमलनगरहून घरी आली ती बॉनेटमधून वाफा काढत. सगळा रस्ता दुसऱ्या गिअरवर. इंजिन किंचाळतंय हे वाटेवरच्या शेरडांनाही कळलं असेल. काचा बंद करून आत बसलेल्या सुमनबाईला तेवढं कळलं नव्हतं.

तानाजीनं कपाळाला हात लावला. "आई, गिअर बदलला न्हाईस कामून?"

"आवाजच आला न्हाई."

"कान गेलेत तुझे. मशीन आणून दिलं तर ते देवघरात ठेवतीस."

"मशीन लावलं की कुकर आन् तुझी बायको, दोघंच ऐकू येतेत. इंजन येत न्हाई."

"मग काट्याकडं बघत जा."

"काट्याकडं बघू का रस्त्याकडं?"

तानाजीनं किल्ली खिशात टाकली. "उदगीरचा एकजण सोमवारी गाडी बघायला यायलाय. विकायची. तू आता चालवायची न्हाई."

"माझे कान गेले न्हाईत," ती म्हणाली. "गाडी मुकी हाय."

खरं सांगायचं तर कान गेलेच होते. पण गाडी मुकी होती हेही तितकंच खरं, आणि दोन्हीतलं दुरुस्त होण्यासारखं कोणतं, हे तिनं बरोबर ओळखलं. दुसरी किल्ली होती कानाच्या मशीनच्या डबीत. ती डबी कुणीच उघडत नव्हतं, ती स्वतः धरून.

मैलूरला माझ्या घरामागे विरुपाक्षचं गॅरेज आहे, तिथं तिनं गाडी नेऊन उभी केली. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. "सायलेन्सर बदलायचाय? कोण चालवणार, अक्का? नातू?"

"मीच."

"आवाज मोठा केला तर सगळं गाव जागं होतंय. पोलीस काढून नेतेत."

"गावाला कशाला ऐकवायचं? मला ऐकू आला म्हंजे झालं."

विरुपाक्षनं मागचा डबा उतरवला, जाड स्टीलचा पाइप वाकवून नवा डबा जोडला आणि गाडी चालू केली. तिनं मान हलवली. "हा तर कोवळ्या पोराचा आवाज. मला बाप्याचा पायजे." त्यानं हसत सगळं पुन्हा उतरवलं, डबा बदलला, पुन्हा वेल्डिंग केलं. या खेपेला ती आत बसली, दार ओढलं, डोळे मिटले. खर्जातला आवाज सीटमधून पाठीत, पाठीतून दातांत आला. तिनं हळूहळू पाय दाबला आणि गाडी उभ्याची उभी असताना तिचा डावा हात आपोआप गिअरवर गेला.

"हां," ती म्हणाली. "आता बोलायली."

सोमवारी उदगीरचा माणूस आला. तानाजी खिशातून किल्ली काढेपर्यंत सुमनबाईनं गाडी बाहेर काढली होती. "बसा की," ती त्या माणसाला म्हणाली. फाट्यापर्यंत नेऊन आणलं. प्रत्येक गिअर जागच्या जागी, एक झटका नाही. माणूस उतरला तो खूश होऊन. "मावशी, गाडी पक्की. मी घेतो."

"घेताय कसं हो, विकायची असती तर ना. तुमाला फिरवून आणलं. चहा घ्या आन् जावा."

तानाजीनं पाहुण्यापुढे चहाचा कप सरकवला. चहा झाल्यावर त्यानं खिशातली किल्ली आईपुढे ठेवली, पण हट्ट सोडला नाही. "तो कंपनीचा जुना सायलेन्सर आणून ठेव. उद्या जमंना झालं तर तोच बसवून गाडी विकता येईल."

"इंदूला सांगते," ती म्हणाली. "तिच्या घरामागंच हाय."

आणि तू सांगितलंस, सुमन. फोनवर, तुरीच्या आणि गुडघ्यांच्या गप्पांच्या शेवटी, घाईघाईनं. त्यानंतर कितीदा फोन केलास, पण पुन्हा विचारलं नाहीस. सायलेन्सर विरुपाक्षच्या लिंबाखाली पडलाय, त्यावर मांजर झोपतं. परवा तानाजीनं मलाच फोन करून विचारलं, "मावशी, आणला का?" मी म्हटलं, "अरे, माझ्यानं चार पावलंही चालवत नाही हल्ली."

रोज सकाळी मी दूध आणायला त्याच गल्लीतून जाते, हे तुला माहीत आहे.